पिवळ्या निशाणाचा हिवाळा

मार्लो गावात ओरिन हॅडसेल आला तो मिसिसिपीवरच्या आगबोटीच्या खालच्या डेकवर, रिकाम्या पिंपांच्या आणि डुकरांच्या मध्ये बसून. व्हरमाँटमधलं घर सोडताना बापानं त्याला पिंपं बनवायची हत्यारं दिली होती, बाकी काही नाही. त्याच बोटीवर अमासा व्हिटलॉक नावाचा एक किडकिडीत तरुण होता. त्याच्याजवळ छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांनी भरलेली एक पेटी होती आणि ती तो कुणाला हात लावू देत नव्हता. मार्लोच्या धक्क्यावर उतरताना फळी हलली, पेटी घसरली आणि नदीत जाणार तोच ओरिननं मध्ये पाय घातला. पेटी वाचली, अंगठ्याचं नख गेलं.

"तुमचं नाव काय?" अमासानं विचारलं.

"आधी पेटी उचला, मग सांगतो," ओरिन म्हणाला.

अमासानं काढलेल्या 'मार्लो कुरियर'च्या पहिल्या अंकात, गव्हाच्या भावाखाली, एका पिंपवाल्याच्या नखाची बातमी होती. गाव हसलं. पुढची वीसेक वर्षं ते दोघं भावासारखे राहिले. म्हणजे भाऊ राहतात त्याहून बरे. अमासाला मुलगी झाली तेव्हा तिचा धर्मपिता ओरिन झाला. ओरिनला आणि त्याच्या बायकोला, फिलीनाला, मूल नव्हतं. त्यामुळे कोरा व्हिटलॉक अर्धी त्यांच्याच घरात वाढली, पिंपांच्या कारखान्यातल्या लाकडाच्या भुशात लोळत. ती त्याला ओरिनकाका म्हणायची.

ओरिनचा चेहरा बघण्यासारखा नव्हता. लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या आणि गालांवर, कपाळावर, नाकाच्या शेंड्यावरसुद्धा वण राहिले होते. खालच्या आळीतल्या आयरिश बाया म्हणायच्या, "ह्याच्या तोंडावर वाटाणे पेरले तर उगवतील." त्याला ते ठाऊक होतं. एकदा एकीला तो म्हणाला, "वाटाणे नको, बटाटे पेर, पोरांना पुरतील." तेव्हापासून आळीत त्याचं बस्तान बसलं.

तो मेयर कसा झाला ते सांगायचं तर आगीच्या बंबापासून सुरुवात करायला हवी. आमच्याकडे तेव्हा आग विझवायला पगारी माणसं नव्हती. गावातल्या कारागिरांचं एक पथक होतं आणि ओरिन त्याचा कप्तान होता. धक्क्यावरची धान्याची वखार पेटली त्या वर्षी त्यानं खालच्या आळीच्या तोंडाशी बंब लावला आणि वखार जळू दिली. वखारीचा मालक बोंबलत होता, "माझं धान्य, माझं धान्य." ओरिन म्हणाला, "धान्य परत पिकेल." आळीतलं एकही घर जळलं नाही. अमासानं ते वाक्य पेपरात मोठ्या टाइपात छापलं आणि पुढच्या वसंतात ओरिनला उमेदवार म्हणून उभं केलं.

"मला भाषण येत नाही," ओरिन म्हणाला.

"तुला बोलायचंच नाहीये. बोलायला मी आहे. तू फक्त उभा राहा."

"आणि निवडून आलो तर?"

"तर बस."

तो निवडून आला. सकाळी तो पिंपं ठोकायचा, दुपारी नगरभवनात जायचा आणि दर सोमवारी मेयरचं कोर्ट भरवायचा. तिथं शनिवारी रात्री दारू पिऊन भांडलेली माणसं त्याच्यासमोर उभी राहायची. रस्त्यात मोकाट डुकरं सोडायची नाहीत असा कायदा त्यानं केला, तेव्हा हवालदारानं पकडलेली पहिली डुकरीण निघाली ती फिलीनाची. ओरिननं सोमवारी कोर्टात स्वतःचं नाव पुकारलं, स्वतःच उठून उभा राहिला, स्वतःला झापलं आणि दंड केला. बाकावरचे दारुडे टाळ्या वाजवायला लागले. फिलीना घरी त्याला एरवी ओरिन म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "मिस्टर हॅडसेल, माझ्या डुकरिणीची बदनामी झाली."

असा दोनदा निवडून आला तो. लाकडी फुटपाथ झाले, धक्क्याची दुरुस्ती झाली, आळीतली विहीर बांधून काढली. अमासा रोज दुपारी कारखान्यात यायचा, शेगडीजवळ उपड्या पिंपावर बसायचा आणि कॉफी पीत पीत उद्याच्या पेपरात काय येणार ते सांगायचा. मेयर ओरिन होता हे खरं, पण मार्लो चालवत होते दोघं, आणि ओरिनला त्यात काही कमीपणा वाटत नव्हता.

तिसऱ्या वर्षी, नदी गोठायच्या सुमारास, देवी आल्या.

पहिला रोगी डुकरं कापायच्या कारखान्याशेजारच्या खानावळीत निघाला. दुसरा आणि तिसराही तिथंच. डॉक्टर सेल्डन प्रूइट हा गावातला मुख्य डॉक्टर. तो ओरिनकडे आला आणि म्हणाला की आता लपवण्यात अर्थ नाही. ओरिननं त्याच संध्याकाळी कौन्सिल बोलावली. कायदा सोपा होता. ज्या घरात देवीचा रोगी असेल त्या घरावर पिवळं निशाण लागेल, त्या घरातून कुणी बाहेर जायचं नाही, काही बाहेर द्यायचं नाही. आणि रोग्याला गावाबाहेरच्या जुन्या वीटभट्टीच्या इमारतीत नेलं जाईल. तिथं खाटा टाकल्या, चुली मांडल्या, दोन बाया ठेवल्या. ओरिनला देवी येऊन गेल्या होत्या, पुन्हा यायची भीती नव्हती, म्हणून रोग्यांची बंद गाडी हाकायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं.

कौन्सिलमध्ये धान्याचा व्यापारी बार्नबस स्टील होता. तो म्हणाला, "खालच्या आळीपुरता कायदा करू. टेकडीवर मोठी घरं आहेत, तिथं माणूस आपल्या खोलीत वेगळा राहू शकतो."

"नाही," ओरिन म्हणाला. "सगळ्यांना एकच. नाहीतर आळीतलं एकही दार माझ्यासाठी उघडणार नाही."

अमासा तिथं बातमीदार म्हणून बसला होता. त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कुरियरमध्ये लिहिलं की रोगाला टेकडी आणि आळी असा भेद कळत नाही, तेव्हा कायद्यालाही तो कळता कामा नये. स्टीलचा नाइलाज झाला. सगळ्यांनी हात वर केले.

आळीत ओनोरा टिअर्नी नावाची विधवा होती. ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. तिला दोन मुलं: कॉर्मॅक, जो डुकरं कापायच्या कारखान्यात कामाला लागला होता, आणि लहान ब्रिजी. कॉर्मॅकला ताप आला, अंगावर फोड उठले. ओरिन गाडी घेऊन गेला तर ओनोरा दारात काठी घेऊन उभी.

"मेयरसाहेब, गाडी वळवा," ती म्हणाली. "माझा पोरगा माझ्या घरात मरेल, नाहीतर माझ्या घरात जगेल."

"ओनोरा, ब्रिजी आहे आत."

"असू दे. त्या भट्टीत आमचीच माणसं नेताय तुम्ही. टेकडीवरचं कोण नेलंत?"

"टेकडीवर अजून कुणी पडलं नाही."

"पडलं तर?"

"पडलं तर नेईन. कुणीही असो."

"कुणीही?"

"माझ्या स्वतःच्या घरातलं असलं तरी."

 मग तिनं काठी भिंतीला टेकवली, तळहातावर थुंकली आणि हात पुढे केला. आळीत घोड्याचा सौदा असा होतो, आणि असा झालेला सौदा मोडणारा माणूस आळीतून हिंडू शकत नाही. ओरिननं आपल्या तळहातावर थुंकून तिचा हात धरला. कॉर्मॅकला त्यानं घोंगडीत गुंडाळून उचललं आणि गाडीत ठेवलं.

कॉर्मॅक भट्टीतून परत आला नाही. ओरिन स्वतः ते सांगायला गेला. निशाण लावलेल्या दाराच्या आतून ओनोरा एवढंच म्हणाली, "त्याला पाणी मिळत होतं ना?"

"मिळत होतं. मी पाजलं."

"बरं."

तिनं त्याला बोल लावला नाही, आणि पुढे आळीतून ज्या ज्या घरी तो गेला तिथं दार उघडलं गेलं. ओनोरानं दिला पोरगा, मग आपणही देऊ, असं लोक म्हणायचे.

ह्या सगळ्या दिवसांत अमासा रोज कारखान्यात यायचा. ओरिन भट्टीतून आला की आधी अंगणात कपडे बदलायचा, हात धुवायचा, मग शेगडीपाशी बसायचा. अमासा विचारायचा, आज किती नेले, कोण गेलं, कोण सुधारतंय. ओरिन सांगायचा. कधी सांगता सांगता गप्प व्हायचा, तेव्हा अमासा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायचा.

"कोरा कशी आहे?" ओरिननं एकदा विचारलं. "दिसली नाही."

"गलीना गावाला पाठवली, मावशीकडे," अमासा म्हणाला. "इथं कशाला ठेवायची असल्यात? जूनमध्ये लग्न आहे पोरीचं."

"बरं केलंस," ओरिन म्हणाला आणि मेपलच्या साखरेचं एक छोटं पिंप त्याच्या हातात दिलं. "तिला पाठव. मावशीकडचा चहा तिला कडू लागतो."

अमासानं पिंप घेतलं. तो साखर घेऊन गेला.

फेब्रुवारीत रोग ओसरला. शेवटचं निशाण उतरलं, भट्टी बंद झाली, कौन्सिलनं ओरिनचे आभार मानले, ओनोरानं पुन्हा लोकांचे कपडे धुवायला घेतले. आणि मग, सगळं संपलं असं वाटत असताना, ब्रिजीला ताप आला.

ओरिन गेला तेव्हा ओनोरा पोरीच्या उशाशी बसली होती. फोड उठायला लागले होते.

"कुठून आला हा?" ती म्हणाली. "कॉर्मॅकचं अंथरूण जाळलं. भिंतींना चुना दिला. पोरगी घराबाहेर पडली नाही."

"घरात कोण आलं होतं?"

"कोणी नाही."

"काय आलं होतं?"

 तिचा हात पोरीच्या कपाळावरच राहिला. "कपडे," ती म्हणाली. "धुवायला. ब्रिजीनंच गाठोडं सोडलं होतं. चादरी होत्या, उशांचे अभ्रे. डाग पडले होते. मला वाटलं, कुणाचं नाक फुटलं असेल."

"कुणाकडचे?"

"टेकडीवरचे. मिसेस व्हिटलॉककडचे."

"नाही," ओरिन म्हणाला. "तिथं कुणी आजारी नाहीये, ओनोरा. तू दुसऱ्या कुणाचं गाठोडं म्हणत असशील."

"माझ्या गाठोड्यांना मी ओळखते, मेयरसाहेब."

तो तिथूनच पायी टेकडी चढला. चढताना त्याला वाटत होतं की काहीतरी गैरसमज निघेल, अमासाची बायको लॅव्हिनिया हसेल आणि म्हणेल, अहो, मोलकरणीला पाळी आली होती, नाहीतर कुत्रा जखमी झाला होता, असलं काहीतरी. व्हिटलॉकांकडे तो नेहमी मागच्या दारानं जायचा, तसाच गेला. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. जिन्यावरून डॉक्टर प्रूइट बॅग हातात घेऊन उतरत होता.



"घसा," प्रूइट म्हणाला. "कोराचा घसा सुजलाय जरा."

"कोरा गलीनाला आहे," ओरिन म्हणाला.

डॉक्टरनं जिन्याचा कठडा धरला.  आवाज ऐकून अमासा अभ्यासिकेतून बाहेर आला, हातात उद्याच्या पेपराचा कच्चा छापील कागद होता. ओरिनला बघून त्यानं तो कागद घडी करून खिशात ठेवला, अगदी सावकाश.

"कधीपासून?" ओरिननं विचारलं.

"आता ती बरी आहे, ओरिन. खपल्यासुद्धा पडल्या."

"कधीपासून?"

"ख्रिसमसच्या आधीपासून."

"म्हणजे कॉर्मॅक टिअर्नीला मी नेलं तेव्हा..."

"हो."

"आणि तू माझ्याकडे येऊन बसत होतास."

 उत्तर प्रूइटनं दिलं. "कौन्सिलमधल्या लोकांना मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्यांनी कायदा केला होता. त्यांना अंधारात ठेवणं मला बरं वाटेना. स्टील म्हणाला, मुलीचं लग्न ठरलंय, मोठं घर आहे, वेगळी खोली आहे, राहू दे. बाकीचे हो म्हणाले."

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्यांना म्हणजे... हो."

"मला सोडून."

"तुला सांगितलं असतं तर तू तिला त्या भट्टीत नेलं असतंस," अमासा म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता. "नेलं असतंस की नाही? सांग."

"नेलं असतं."

"मग? तुझी धर्मकन्या आहे ती. त्या भट्टीत किती मेले ते तूच मला रोज सांगत होतास. ते ऐकून मी माझी मुलगी तुझ्या गाडीत घालायची? तुला स्वतःचं मूल असतं तर तुला कळलं असतं."

 ओरिन जिना चढून वर गेला. कोराच्या दारापाशी पोचला तर आतून आवाज आला, "ओरिनकाका, आत येऊ नका. मला बघू नका."

तो आत गेला. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, डोक्यावर शाल ओढून. तो पलंगाच्या कडेला बसला. बाजूच्या टेबलावर मेपलच्या साखरेचं पिंप होतं, अर्धं रिकामं.

"इकडे वळ," तो म्हणाला.

ती वळली. तो तिच्याकडे नीट बघत राहिला, नजर न चुकवता.

"माझ्याहून बरं आहे," तो म्हणाला. "बरंच बरं. सुरुवातीला लोक बघतात. मग त्यांना सवय होते, आणि तुला त्यांच्या बघण्याची."

"मला लपायचं नव्हतं," ती म्हणाली. "खरंच. बाबा म्हणाले की तुम्हाला सगळं माहीत आहे."

तो उठला. खाली येऊन त्यानं लॅव्हिनियाकडे पिवळं कापड मागितलं. तिनं दिलं नाही. मग तो घरी गेला, उरलेलं एक निशाण आणि हातोडी घेऊन परत आला आणि व्हिटलॉकांच्या पुढच्या दारावर चार खिळे ठोकले. शेजारपाजारची दारं उघडली, माणसं बाहेर आली. अमासा पायरीवर उभा होता.

"आता कशाला?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "रोग संपलाय. हा नुसता तमाशा आहे."

"संपला नाही. आळीत ब्रिजी टिअर्नी पडलीये. तुमच्या चादरींचं गाठोडं तिनं सोडलं."

अमासाचा चेहरा पडला हे ओरिननं पाहिलं. पुढे बरीच वर्षं तो स्वतःला सांगायचा की त्या क्षणी अमासाला खरंच वाईट वाटलं असावं. पण वाईट वाटल्यावर माणूस काय करतो ते वेगळं.

संध्याकाळपर्यंत ते निशाण कुणीतरी काढून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी कुरियर आला.

ओरिनला वाटलं होतं की अमासा त्याला शिव्या देईल, वेडा म्हणेल, धमकी देईल. तसं काही नव्हतं. पहिल्या पानावर व्हिटलॉक कुटुंबाकडून मेयरसाहेबांचे जाहीर आभार मानले होते. आपल्या धर्मकन्येच्या आजारात मेयर हॅडसेल यांनी मोठ्या मनानं तिला घरीच उपचार घेऊ दिले, आठवड्यांमागून आठवडे हे दुःख गुपचूप वाटून घेतलं. अखेरीस नियमाचं पालन म्हणून स्वतःच्या हातानं निशाणही लावलं. असा कर्तव्यदक्ष आणि तितकाच दयाळू माणूस मार्लोला लाभला आहे, वगैरे. लिहिलं होतं सुंदर. अमासा नेहमीच सुंदर लिहायचा.

फिलीनानं ते वाचलं आणि पेपर चुलीत घातला. "हा मनुष्य आपल्या घरी थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायचा," ती म्हणाली.

ओरिन नगरभवनात गेला. बार्नबस स्टील म्हणाला, "आम्हाला तर वाटलं तुला माहीतच आहे. तुझीच पोरगी म्हटल्यासारखी. आम्ही कशाला विचारू?" दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टर प्रूइट त्या दिवशी गावात नव्हता. ओरिननं कागद घेऊन खुलासा लिहिला, अन् मग त्याच्या लक्षात आलं की तो छापायला मार्लोत एकच छापखाना आहे.

आळीत पेपर कुणी विकत घेत नसे. दारूच्या गुत्त्यात एकजण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. ओरिन आळीत शिरला तेव्हा ते वाचून झालं होतं. विहिरीपाशी उभ्या असलेल्या बाया त्याला बघून बोलायच्या थांबल्या. वाटाण्यांची चेष्टा करणारी त्यांत होती, ती घागर उचलून आत गेली.

ओनोरा दारात आली. तिनं त्याला आत बोलावलं नाही.

"ब्रिजी कशी आहे?" तो म्हणाला.

"एका डोळ्यात फोड उठलाय, तो डोळा जाणार. जगेल."

"ओनोरा, मला माहीत नव्हतं."

"पेपरात आलंय."

"पेपर खोटं बोलतोय."

"तुझा दोस्त आहे ना तो?" ती म्हणाली. आतापर्यंत ती त्याला कधी तू म्हणाली नव्हती. "त्यानं तुझ्याबद्दल चांगलं लिहिलंय. वाईट लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, खोटं असेल. माणूस दोस्ताबद्दल खोटं चांगलं कशाला लिहील?"

ओरिन दाराकडे एक पाऊल पुढे आला.

"तू हातावर थुंकून हात दिला होतास," ती म्हणाली. "मी माझा पोरगा तुझ्या गाडीत घातला. तू तुझी पोरगी घरात ठेवलीस, उबेत, साखर खायला घालून."

"साखर...?"

"तिच्याकडची मोलकरीण सांगत होती. तू पिंपभर साखर पाठवलीस म्हणे. आजारी पोरीला. ती पाठवलीस की नाही?"

"पाठवली," ओरिन म्हणाला.

तिनं दार लावलं.

एप्रिलमध्ये निवडणूक होती. फिलीना म्हणाली, उभा राहू नकोस, व्हरमाँटला जाऊ. पण तो उभा राहिला. त्याला वाटत होतं की उभं राहिलं नाही तर लोक म्हणतील पळाला. दुसऱ्या बाजूनं स्टील उभा होता, आणि कुरियरनं स्टीलची तारीफ करताना ओरिनबद्दल वाईट एक अक्षर लिहिलं नाही. टेकडीनं स्टीलला मतं दिली, ते अपेक्षितच होतं. आळीनंही दिली. जी वखार जळू देऊन ओरिननं आळी वाचवली होती, ती स्टीलचीच होती.

कोराचं लग्न जूनमध्ये झालं. मुलगा शिकागोच्या रेल्वे कचेरीतला होता. त्यानं तिचे वण पाहिले आणि म्हणाला की त्याच्या आईच्या चेहऱ्यावर ह्याहून जास्त आहेत, त्याची त्याला लहानपणापासून सवय आहे. म्हणजे लग्न मोडेल ही जी एक भीती होती, ती मुळातच खोटी होती. ओरिनला आमंत्रण होतं. तो गेला नाही. लग्नाच्या आदल्या आठवड्यात कोरा कारखान्यात आली होती, दारात उभी राहून रडली. तो म्हणाला, "तू एकदा आळीत जाऊन सांग की मला माहीत नव्हतं. एवढंच कर." तिनं हो म्हटलं. बाबांना कळलं तर ते मोडून पडतील, असंही म्हटलं. मग ती शिकागोला गेली. त्याला वाटत राहिलं की जाण्याआधी तिनं सांगितलं असेल. सांगितलं नव्हतं. अमासानं केलं त्याहून हे त्याला जास्त लागलं, कारण तिला त्यानं मांडीवर खेळवलं होतं.

तो पुन्हा पूर्ण वेळ पिंपं करू लागला. नगरभवनासमोरून जायला लागू नये म्हणून तो नदीकडच्या वाटेनं जायचा. अमासा त्याला फुटपाथवर भेटायचा, अधूनमधून. गाव लहान होतं, टाळता येत नव्हतं. अमासा टोपीला हात लावायचा. एकदा तो थांबला आणि म्हणाला, "तुझ्याबद्दल मी वाईट काही लिहिलं नाही, ओरिन. कधीच नाही. बघ जुने अंक."

"माहीत आहे," ओरिन म्हणाला. "वाईट लिहिलं असतंस तर मी वाचलो असतो."

अमासाला ते समजलं की नाही कोण जाणे. तो टोपी सारखी करून पुढे गेला. काही वर्षांनी छातीत कळ येऊन तो छापखान्यातच वारला. गावानं मोठी अंत्ययात्रा काढली. ओरिन कारखान्यात बसून होता. यात्रा समोरून गेली तेव्हा त्यानं हातोडी खाली ठेवली, ती गेल्यावर उचलली. फिलीना दारात उभी होती, ती मात्र शेवटची बग्गी वळेपर्यंत हलली नाही.

त्याच आठवड्यात, एका सकाळी, ओनोरा टिअर्नी कारखान्यात आली. डोक्यावर कपडे धुवायचा लाकडी टब होता, त्याचा एक पट्टा सुटला होता. इतकी वर्षं ती टब दुरुस्तीला नदीपलीकडच्या माणसाकडे न्यायची. तिनं टब ओरिनसमोर ठेवला आणि खांद्यावरच्या शालीच्या टोकानं तोंड पुसलं.

"ती आली होती," ती म्हणाली. "व्हिटलॉकची पोरगी. काळे कपडे घालून."

ओरिननं टबावरून हात फिरवला. "काय म्हणाली?"

"म्हणाली, तुला माहीत नव्हतं. बापानं तुझ्यापासून लपवलं होतं. बाप जिवंत असताना बोलता आलं नाही म्हणे."

"मी सांगितलं होतं तुला."

"सांगितलं होतंस."

 ओरिनला वाटलं ती आता जाईल, किंवा काहीतरी चांगलं बोलेल. इतकी वर्षं तो ज्या शब्दांची वाट बघत होता ते बोलेल.

"पण हॅडसेल," ती म्हणाली, "तो रोज तुझ्याकडे येऊन बसायचा. रोज. आळीतली प्रत्येक खोकणारी म्हातारी तुला कळायची, कुणाच्या दाराआड कोण लपलंय ते तुला वासानं कळायचं. त्याचंच कळलं नाही?"

"नाही."

"का?"

"तो अमासा होता म्हणून," ओरिन म्हणाला.

ओनोरानं त्यावर विचार केला. रागानं नाही, एखादा डाग निघेल की नाही हे बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"माझी ब्रिजी आता एकाच डोळ्यानं शिवण करते," ती म्हणाली. "तू वाईट माणूस नाहीस, हे मी आता आळीत सांगेन. सांगायला हवं. पण मला त्यानं फार फरक पडत नाही, ते तुला सांगून ठेवते."

"बरं," ओरिन म्हणाला.

"टब कधी होईल?"

"गुरुवारी."

ती गेली. त्यानं टब उचलून बाकावर आडवा घातला, सुटलेला पट्टा काढला आणि पाण्यानं फुगलेल्या फळ्या एक एक करून सुट्या केल्या. मधली एक पार कुजली होती. ती त्यानं बाजूला टाकली आणि तिच्या मापाची नवी तासायला बसला.